कुलीन कांता : बावला खून खटल्याचा हरवलेला चित्रपट



आज ज्या चित्रपटाबद्दल बोलायचं आहे तो मी पाहिलेला नाही. तुम्हीही पाहिलेला नाही, आणि पाहिलेलं कोणी आज आपल्यात असण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. त्याचं नाव 'कुलीन कांता'. साल १९२५. कंपनी मुंबईची कोहिनूर, दिग्दर्शक होमी मास्टर, पटकथा मोहनलाल दवे यांची, आणि पडद्यावर खलील आणि मोती ही त्या काळची ओळखीची नावं. एवढा तपशील छापील सूच्यांमध्ये टिकून आहे. रिळं टिकलेली नाहीत.

मग त्याच्यावर अख्खा भाग कशाला? तर त्याचं कारण हे की हा चित्रपट एका खऱ्या खुनावर होता, आणि खून झाला त्याच वर्षी तो तयार झाला. त्या खुनात एका मराठी संस्थानाचं नाव होतं, एक राजा गादीवरून उतरला, दोन माणसं फासावर गेली, मुंबईच्या हायकोर्टात बॅरिस्टर जिनांनी एका मराठी सरदाराचा बचाव केला. आणि या सगळ्याच्या मधोमध एक बाई होती, जिच्याबद्दल प्रत्येकानं मत दिलं. कोर्टानं काय म्हटलं ते आपल्याला वाचता येतं. वर्तमानपत्रांनी काय म्हटलं तेही वाचता येतं. पडद्यानं काय म्हटलं, त्यातलं फक्त शीर्षक उरलं आहे. त्या दोन शब्दांकडे मला आज तुम्हाला न्यायचं आहे.

आधी खून.

१२ जानेवारी १९२५, सोमवार, संध्याकाळची वेळ. मलबार हिलवरून एक मोटार चालली होती. आत अब्दुल कादर बावला हा मुंबईतला श्रीमंत तरुण व्यापारी, त्याच्याबरोबर मुमताज बेगम, त्याचा मॅनेजर मॅथ्यू आणि गाडीवरची माणसं. हवा खायला निघालेली मंडळी. तेवढ्यात लाल रंगाची एक मॅक्सवेल गाडी येऊन धडकली. तिच्यातून माणसं उतरली आणि मुमताजला ओढून बाहेर काढू लागली. बावलानं विरोध केला, त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मुमताज जाईना, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर सुऱ्यानं वार केले.

पुढचा प्रसंग एखाद्या पटकथाकारानं लिहिला असता तर मालकानं कागद परत फेकला असता. नेमके त्याच वेळी गोल्फ खेळून परतणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी त्या रस्त्यावर आले. त्यांच्यातला लेफ्टनंट सेगर्ट गाडीतून उतरून सरळ मारामारीत घुसला. हातात हत्यार म्हणून गोल्फची काठी. तो स्वतः जखमी झाला, पण बाई सुटली आणि हल्लेखोर हाती लागले. बावला इस्पितळात काही तासांत गेला. हे अधिकारी पाच मिनिटं उशिरा आले असते, तर मुंबईतली एक बाई नाहीशी झाली एवढीच बातमी झाली असती, आणि बहुधा तीही दोन ओळींत.

पकडलेली माणसं इंदूरची निघाली. आणि मुमताज कोण, तर इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या दरबारातली नाचगाणं करणारी, पुढे त्यांच्या जनान्यात ठेवलेली. तिथून ती निसटली होती. मसुरीला नेत असताना दिल्लीच्या स्टेशनवर तिनं पुढे जायला नकार दिला, मग अमृतसर, मग फिरत फिरत मुंबई. बावलाच्या आश्रयाला ती आली ती इंदूरपासून लांब राहण्यासाठी. ती परत यावी म्हणून निरोप, आमिषं, धमक्या हे सगळं आधी होऊन गेलं होतं.

कोर्टात तिनं स्वतः साक्ष दिली. तिथे तिनं जे सांगितलं त्यातलं एक वाक्य त्या काळी जगभरच्या वर्तमानपत्रांत गेलं. मी ते जसंच्या तसं उद्धृत करत नाही, मतितार्थ सांगते. तिला इंदूरला एक मुलगी झाली होती, आणि त्या मुलीला सुइणीनं मारलं, म्हणून तिला तिथे राहायचं नव्हतं. हा तिचा आरोप होता. तो सिद्ध करायला त्या खटल्यात कोणी बसलेलं नव्हतं, कारण खटला बावलाच्या खुनाचा होता. पण मला हे विधान या सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटतं. बाकीच्यांसाठी ही प्रेमाची, मत्सराची, संस्थानी रंगेलपणाची गोष्ट होती. तिच्यासाठी ती एका बाळाची गोष्ट होती.

खटला एप्रिलच्या अखेरीस उभा राहिला. न्यायमूर्ती क्रम्प, समोर ज्युरी. सरकारतर्फे ॲडव्होकेट जनरल जमशेटजी कांगा. आरोपी नऊ. त्यांतले सर्वांत मोठे नाव सरदार आनंदराव गंगाराम फणसे, इंदूरच्या फौजेतले वरिष्ठ अधिकारी, आणि त्यांचे वकील महंमद अली जिना. आरोपींची यादी वाचली की इंदूर शहरच समोर उभं राहतं. शफी अहमद, बहादूरशहा, अकबरशहा ही नावं आहेत आणि त्यांच्या शेजारी पोंडे, दिघे, फणसे. संस्थानात हिंदू-मुसलमान कसे एकत्र नांदत होते याचं उदाहरण म्हणून हे कोणी देत नाही, पण देता येईल.

मे महिन्यात निकाल लागला. तिघांना फाशी, चौघांना जन्मठेप काळ्या पाण्याची, दोघे सुटले. फाशीच्या तिघांपैकी पोंडेची शिक्षा पुढे वेड लागल्यामुळे कमी झाली. शफी अहमद आणि शामराव दिघे फासावर गेले. प्रिव्ही कौन्सिलपर्यंतची धडपड वाया गेली.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं झालं असं प्रत्येकाला वाटत होतं, तो माणूस? तो आरोपीच्या पिंजऱ्यात कधी आलाच नाही. येऊ शकत नव्हता. संस्थानिकावर ब्रिटिश हिंदुस्थानच्या कोर्टात खुनाचा खटला चालत नसे. या हल्ल्याचा उगम शोधायचा तर इंदुरातच शोधावा लागेल, अशा आशयाचं न्यायमूर्ती बोलले, पण त्यापुढे बोट दाखवणं त्यांच्या अधिकारात नव्हतं. ते काम सरकारनं केलं, आपल्या पद्धतीनं. तुकोजीरावांपुढे दोन पर्याय ठेवले. चौकशी आयोगाला सामोरं जा, नाहीतर गादी सोडा. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी धाकट्या यशवंतरावांसाठी गादी सोडली. म्हणजे आरोप नाही, साक्ष नाही, उलटतपासणी नाही, निकाल नाही. फक्त राजीनामा. दोन वर्षांनी त्यांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केलं, ती शर्मिष्ठादेवी झाली, आणि वर्तमानपत्रांना नवीन विषय मिळाला.

मी इंदूरच्या मराठी घरात वाढले. तिथे अहिल्याबाईंचं नाव घेताना आवाज बदलतो, आणि बदलावाच. यशवंतरावांच्या नावाचं एम. वाय. रुग्णालय आहे, तुकोजीरावांच्या नावाचं कापड मार्केट आहे, ज्याला सगळं शहर एम. टी. म्हणतं. त्या अक्षरांमागे कोणता महाराज, हे विचारायची वेळ आमच्यावर कधी आली नाही. मोठी माणसं कधी बोललीच तर एवढंच म्हणायची, 'ते मुंबईचं प्रकरण'. प्रकरण मुंबईचं! आरोपी इंदूरचे, गाडी इंदूरहून ठरलेल्या कामासाठी आलेली, बाई इंदूरहून पळालेली, आणि प्रकरण मुंबईचं. बडोद्याचे, ग्वाल्हेरचे, तंजावरचे मराठी श्रोते ही सवय ओळखतील. आपल्या राजांनी बांधलेली ग्रंथालयं आपली, त्यांनी केलेले उद्योग दुसऱ्या शहरातले.

एक मात्र सांगायला हवं. तेव्हाही मराठी माणसाचं मत एकसारखं नव्हतं. काहींना ही इंग्रजांनी एका स्वाभिमानी मराठा राजाला पाडण्याची संधी साधली असं वाटत होतं, आणि त्या वाटण्यात सगळंच खोटं नव्हतं. संस्थानिकांच्या चुका जपून ठेवायच्या आणि गरज पडली की बाहेर काढायच्या, ही इंग्रजांची रीत होतीच. पण त्या युक्तिवादात बावला आणि मुमताज दोघंही कुठल्या कुठे गायब होतात. राजा आणि रेसिडेंट यांच्यातला हा हिशोब होता असं म्हटलं की मेलेला माणूस आणि चिरलेला चेहरा दोन्ही किरकोळ ठरतात.

आता कोहिनूर.

द्वारकादास संपत यांनी ही कंपनी पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत उभी केली. दादासाहेब फाळके चित्रपट काढत ते घरच्या कारखान्यासारखं. कोहिनूर ही त्या तुलनेत गिरणी होती. पगारी नटमंडळी, पगारी लेखक, एकाच वेळी दोन-तीन चित्रपटांचं काम. सुलोचना म्हणजे रुबी मायर्स इथून पुढे आली, गोहरनंही पहिलं काम इथेच केलं. आणि या गिरणीला वर्तमानपत्र हा कच्चा माल चालत असे. १९२४ साली त्यांनी 'काला नाग' काढला होता, तोही मुंबईतल्या एका गाजलेल्या खुनावर. दिग्दर्शक कांजीभाई राठोड. त्यात खलनायकाचं काम केलं होतं होमी मास्टर यांनी, हेच आपले 'कुलीन कांता'चे दिग्दर्शक. पारशी रंगभूमीवरून आलेला हा माणूस. म्हणजे खून पडद्यावर कसा आणायचा, प्रेक्षक कुठे श्वास रोखतो, हे त्यांनी कॅमेऱ्यासमोर उभं राहून पाहिलेलं होतं. पुढच्याच वर्षी त्यांच्या पुढ्यात मलबार हिलची संध्याकाळ आली.

मोहनलाल दवे त्या दशकातले सर्वांत खपणारे पटकथाकार. पौराणिक, सामाजिक, ऐतिहासिक, काही सांगा. अशा माणसाला बावला प्रकरण म्हणजे आयतं ताट. पाठलाग आहे, मोटारी आहेत, राजवाडा आहे, कोर्ट आहे. मूकपटाला आणखी काय हवं असतं? मोटारींची टक्कर दाखवायला संवाद लागत नाहीत.

पण नाव घेता येत नव्हतं, आणि इथे कायदा आडवा येतो. १९२२ मध्ये सरकारनं एक कायदा केला होता, संस्थानिकांविरुद्ध अप्रीती पसरवण्याला शिक्षा देणारा. वर्तमानपत्रं, पुस्तकं, कागदपत्रं यांतून राजेरजवाड्यांबद्दल द्वेष पसरवाल तर तुरुंग. केंद्रीय विधिमंडळानं तो नाकारला, तरी व्हाइसरॉय रेडिंग यांनी आपल्या विशेष अधिकारात तो लागू केला. लोकांचे प्रतिनिधी नको म्हणतात आणि तरीही राजांना कवच मिळतं, असा तो कायदा.

आणि चित्रपटांसाठी सेन्सॉर बोर्ड होतंच. मुंबईचं बोर्ड १९२० पासून काम करत होतं आणि त्याचा पदसिद्ध अध्यक्ष असे मुंबईचा पोलीस कमिशनर. १९२५ साली कमिशनर कोण? पॅट्रिक केली. म्हणजे ज्यांच्या हाताखाली बावलाच्या खुनाचा तपास झाला तेच! ज्या अधिकाऱ्याच्या पोलिसांनी आरोपी उभे केले, त्याच्याच नावानं चालणाऱ्या बोर्डाच्या चाळणीतून या खुनावरचा चित्रपट जायचा होता. या योगायोगावर एक वेगळा चित्रपट निघू शकेल.

कोहिनूरला या चाळणीचा अनुभव होता. १९२१ चा त्यांचा 'भक्त विदुर'. त्यात संपत स्वतः विदुर झाले होते, अंगात खादी, डोक्यावर गांधी टोपी. महाभारतातलीच गोष्ट, पण प्रेक्षकांना जे समजायचं ते समजलं आणि सरकारलाही समजलं. मद्रासमध्ये आणि कराचीत त्यावर बंदी आली.

आपल्या मराठी लोकांना ही युक्ती नवीन नव्हती. खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ चं. कीचक म्हणजे कर्झन हे पिटातल्या प्रेक्षकापासून सगळ्यांना कळत होतं. इंग्रजांना कळायला जरा वेळ लागला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. पौराणिक नाव लावून वर्तमानातला माणूस दाखवायचा आणि प्रेक्षकानं मनातल्या मनात खरं नाव भरायचं. हा खेळ खेळायला प्रेक्षक तयार होता, कारण तो पिढीभर खेळत आला होता. म्हणून 'कुलीन कांता'मध्ये होळकर हे नाव असण्याची गरजच नव्हती. १९२५ साली मुंबईत एक नाचणारी बाई राजवाड्यातून पळते आणि एका व्यापाऱ्याचा खून होतो, एवढं पडद्यावर आलं की पुढचं प्रेक्षकाकडे सोपवता येत होतं.

त्यात मूकपट हा आवाज नसलेला असला तरी शांत कधीच नसे, हे लक्षात घ्या. पडद्यावर मजकुराच्या पाट्या येत, बहुतेकदा दोन-तीन लिप्यांत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी शेजारचा मोठ्यानं वाचे. पडद्याखाली तबला-पेटी चाले. टाळ्या, शिट्ट्या, शिव्या. एखादा खलनायक आला की नाव घेऊन ओरडणारा एक तरी असायचाच. बोर्ड पाटी कापू शकत होतं, प्रेक्षकाचं तोंड नाही.

आता त्या शीर्षकाकडे येऊ.

कांता म्हणजे प्रिय स्त्री, पत्नी. आणि कुलीन. हा शब्द आपण आजही किती हिशोबानं वापरतो बघा. लग्नाच्या जाहिरातीत वापरतो, मयताच्या बातमीत वापरतो. कूळ असलेली, चांगल्या घरातली. मुमताजला त्या वर्षी छापील मजकुरात काय काय म्हटलं गेलं? नाचणारी, कलावंतीण, रखेली. तिच्या बाजूनं लिहिणारेही 'बिचारी' म्हणत आणि थांबत. कोर्टात बचावाच्या बाजूचा सूर असा की ही असली बाई, हिच्या शब्दावर किती भरवसा ठेवायचा. कुलीन हा शब्द त्या वर्षी कोणासाठी राखून ठेवलेला होता, तर ज्यांच्या घराण्याची वंशावळ छापलेली असे त्यांच्यासाठी.

आणि कोहिनूरनं आपल्या चित्रपटाला नाव दिलं 'कुलीन कांता'.

याचे दोन अर्थ लागतात. एक, की नायिकेला जन्मानं चांगल्या घरातली दाखवून मग राजवाड्यात ओढलं, म्हणजे प्रेक्षकांची सहानुभूती बिनधोक मिळावी. धंद्याच्या दृष्टीनं हे पटण्यासारखं आहे. प्रेक्षकाला नायिका स्वच्छ लागते, तेव्हाही लागायची. दुसरा अर्थ असा की जिला सगळे हलकी म्हणतात तीच खरी कुलीन, आणि कूळ मिरवणारे ते हीन. मी दुसऱ्या अर्थाच्या बाजूची आहे. कारण पहिला अर्थ घेतला तरी परिणाम तोच होतो. ज्या बाईची गोष्ट गावभर माहीत आहे, तिच्या गोष्टीवर 'कुलीन' अशी पाटी लावून ती थिएटराबाहेर टांगायची, याला १९२५ साली धाडस लागत होतं. पैशासाठी केलेलं धाडस, कबूल. पण ज्युरीला जे विचारलंच गेलं नव्हतं, त्याचं उत्तर त्या पाटीवर होतं.

याला आणखी एक पदर आहे. पडद्यावर तेव्हा काम करणाऱ्या स्त्रियांना कुलीन कोण म्हणत होतं? चित्रपटातल्या बहुतेक नट्या अँग्लो-इंडियन किंवा गाणंबजावणं करणाऱ्या घरांतून आलेल्या. मोती, जमना, सुलोचना, नावाला आडनाव जोडायची सोय नाही, फार तर मागे 'मिस' लावायचं. सात वर्षांनी दुर्गा खोटे 'अयोध्येचा राजा'मध्ये आल्या तेव्हा त्यांच्या कामाइतकीच चर्चा या गोष्टीची झाली की एवढ्या चांगल्या घरातली बाई नटी झाली. म्हणजे 'कुलीन कांता' हे नाव ज्यांनी आपल्या चेहऱ्यानं पडद्यावर पेललं, त्यांनाही समाज तो शब्द देत नव्हता. ज्या मुमताजचा चेहरा सुऱ्यानं चिरला होता, तिचा चेहरा पडद्यावर दुसऱ्या एका बाईनं दिला, जिच्याकडे पाहायला तिकीट काढायचं आणि घरी मात्र बोलवायचं नाही.

हे सगळं किती फूट लांब होतं, मारामारी दिवसा चित्रित केली की रात्रीची दाखवायला फिल्म निळी रंगवली, गोल्फच्या काठीवाला गोरा साहेब ठेवला की वगळला, या प्रश्नांची उत्तरं रिळांत होती. ती रिळं का गेली, हे जरा समजून घेऊ, कारण 'हरवला' म्हटलं की कुणाच्या तरी हातून पडला असं वाटतं.

तेव्हाची फिल्म नायट्रेटची. सेल्युलोज नायट्रेट म्हणजे स्फोटकांच्या नात्यातला पदार्थ. पेटली की पाण्याखालीसुद्धा जळत राहते, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्यात असतोच. न पेटवता ठेवली तरी उष्ण, दमट हवेत ती आपोआप सडते. आधी चिकट होते, मग फुगते, शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. आणि मुंबईची हवा कशी ते सांगायला नको. कोहिनूरच्या स्टुडिओला १९२३ मध्येच मोठी आग लागली होती आणि तोवरच्या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह त्यात गेल्या. 'कुलीन कांता' त्या आगीनंतरचा, तेव्हा ती आग त्याला लागली नाही. पण वाचूनही काय झालं?

१९३१ ला 'आलम आरा' आला आणि पडदा बोलायला लागला. त्यासरशी मूकपटांची किंमत वजनावर आली. फिल्मच्या लेपात चांदी असते. जुनी रिळं धुऊन चांदी काढणारे खरेदीदार तयार होते, आणि बंद पडत चाललेल्या कंपन्यांना गोदामाचं भाडं परवडत नव्हतं. कोहिनूर तर बोलपटांच्या सुरुवातीच्या वर्षांतच संपली. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर सांगत की खुद्द 'आलम आरा'ची उरलेली रिळंही चांदीसाठीच गेली. जिथे पहिल्या बोलपटाची ही गत, तिथे एका खून-खटल्याच्या मूकपटाला कोण विचारतो.

संग्रहालय स्थापन झालं १९६४ मध्ये. म्हणजे 'कुलीन कांता' निघून जवळजवळ चाळीस वर्षं झाल्यावर. भारतात मूकपट बनले सुमारे १३००. त्यांतले पूर्ण किंवा तुकड्यांत हाती राहिले ते दोन-तीन डझन. शिवाय २००३ च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली, त्यात होतं त्यातलंही बरंच गेलं.

मराठी माणसाला यातला दुसरा तोटा जास्त ओळखीचा असेल. बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' त्याच १९२५ सालचा. नारायण हरी आपट्यांची कथा, त्यात तरुण शांताराम. तो मूकपटही नाही उरला. पण पेंटरांनी १९३६ मध्ये तीच गोष्ट पुन्हा बोलपट म्हणून केली, कोल्हापूरनं आपल्या माणसाच्या आठवणी जपल्या, लिहिल्या. 'कुलीन कांता'ला असं गाव नव्हतं. मुंबई पुढच्या खुनाकडे वळली. इंदूरला आठवायचंच नव्हतं. गुजराती लेखक, पारशी दिग्दर्शक, मुसलमान नायक, आणि गोष्ट एका मराठा राजाची. तेव्हा हा चित्रपट आमचा असं म्हणायला एकही भाषा पुढे आली नाही.

तरी सगळं संपलं असं समजू नका. १९१९ चा 'बिल्वमंगल' कलकत्त्याच्या मादन कंपनीचा. तो गेला असंच सगळे धरून चालले होते. त्याचा एक भाग फ्रान्समधल्या चित्रपट संग्रहालयात निघाला आणि काही वर्षांपूर्वी त्याची प्रत पुण्याला आली. आपल्या फिल्मची रिळं कुठे कुठे गेली असतील याचा नेम नाही. आफ्रिकेचा पूर्व किनारा, ब्रह्मदेश, सिंगापूर, जिथे जिथे गुजराती व्यापारी गेले तिथे मुंबईचे चित्रपट जात.

आणि रिळंच हवीत असंही नाही. त्या काळी चित्रपटाबरोबर कथासाराच्या पुस्तिका विकल्या जात, नाटकाच्या चोपड्यांसारख्या. हस्तपत्रकं वाटली जात. गुजराती वर्तमानपत्रांत मोठ्या जाहिराती येत. तुमच्यापैकी कोणाच्या घरी, विशेषतः इंदूर, खांडवा, बऱ्हाणपूर, भुसावळ, सुरत या पट्ट्यात, पणजोबांच्या ट्रंकेत असे कागद असतील तर ते रद्दीत देऊ नका. गुजराती लिपी वाचता येत नाही म्हणून तर मुळीच नाही. कोहिनूर, होमी मास्टर, खलील, मोती ही नावं शोधा. पाटीवर 'कुलीन' दिसलं तर आधी एक फोटो काढून ठेवा.

आणि चुकून फिल्मचा जुना डबा सापडला, झाकण गंजलेलं आणि आतून व्हिनेगरसारखा किंवा तीव्र आंबूस वास येत असेल, तर तो उघडून उन्हात ठेवू नका, गॅसजवळ नेऊ नका, आणि 'बघू काय आहे' म्हणून घरच्या प्रोजेक्टरवर तर कधीच लावू नका. थंड, कोरड्या जागी ठेवा, लहान मुलांपासून दूर. पुण्याला लॉ कॉलेज रोडवर संग्रहालय आहे, आता ते एनएफडीसीच्या छत्राखाली येतं. डबा पोस्टानं पाठवू नका, नायट्रेट असेल तर ती वाहतूक धोक्याची आहे. आधी त्यांना कळवा, ते माणूस पाठवतील किंवा काय करायचं ते सांगतील.